पहाटे पाच ते रात्री दहा

पहाटे ५. साल १९३३, गाव बंगळूर. टाटा इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या, प्रयोगशाळेत मुंबईच्या कमला भागवत हजर आहेत. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण, पुढच्या कमला सोहोनी. पाच ते दहा ही वेळ मार्गदर्शक श्रीनिवासय्यांनी घालून दिलेली. वडील आणि काका याच संस्थेत शिकलेले, स्वतः मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या. तरी बाई म्हणून संचालक सी. व्ही. रामन यांनी नकार दिला. कमलाताईंनी सत्याग्रह केला, तेव्हा कुठे प्रवेश मिळाला. तोही अटींवर: वर्षभर नियमित विद्यार्थिनी नाही, संचालकांची खात्री पटेपर्यंत काम धरलं जाणार नाही, आणि कमलाताईंमुळे मुलांचं चित्त विचलित होता कामा नये. या शेवटच्या अटीचा मला आजही संताप येतो.

सकाळ, दुपार. काम दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर. दुधात बेताने आम्ल सोडलं की केसीन हे प्रथिन पांढऱ्या चोथ्यासारखं खाली बसतं. डाळीच्या पिठातली बरीचशी प्रथिनं मिठाच्या पाण्यात उतरतात. मग मोजणी. त्या काळी प्रथिनं मोजायची म्हणजे नायट्रोजन मोजायचा. नमुना तीव्र गंधकाम्लात उकळायचा, काळाकुट्ट द्रव नितळेपर्यंत थांबायचं, अमोनिया वेगळा काढून मोजायचा आणि आलेल्या नायट्रोजनला ६.२५ ने गुणायचं. घाई केली की आकडा चुकलाच. घरोघरच्या वरणात किती कस आहे, त्याचा हा हिशेब.

दुपारी ४ ते ६. टेनिस! श्रीनिवासय्यांची वेळ कमलाताईंनी मान्य केली, पण हे दोन तास आपल्यासाठी मागून घेतले. जिला अजून धड विद्यार्थिनीही मानलेलं नाही, तिने हे मागावं! पुढे संस्था चालवणारी बाई मला इथेच दिसते.

संध्याकाळी ६ ते रात्री १०. पुन्हा प्रयोगशाळा. असं वर्ष गेलं, रामन यांची खात्री पटली. १९३६ मध्ये कमलाताई विशेष गुणवत्तेसह एम.एस्सी. झाल्या, आणि संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला.

त्यानंतरची एक रात्र केंब्रिजची, पुढच्या संशोधनासाठी कमलाताई गेल्या तिथली. तिथले संशोधक डेरेक रिख्टर यांनी कमलाताईंना एक टेबल दिलं: दिवसा त्यांनी त्यावर काम करायचं, रात्री रिख्टर त्यावरच झोपायचे. रिख्टर दुसरीकडे गेल्यावर तिथल्याच रॉबिन हिल यांच्याकडे त्यांनी बटाट्यावर काम केलं आणि वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे श्वसनाला लागणारं प्रथिन असल्याचं दाखवलं. चौदा महिन्यांत पीएच.डी.चा प्रबंध तयार झाला. पानं जेमतेम चाळीस.

मायदेशी परतल्यावर मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचं संचालकपद मात्र उशिरा हाती आलं. तोवर विद्यार्थ्यांना घेऊन डाळी, नीरा, तांदळाचं पीठ यांतलं पोषण तपासणं चालूच होतं. आरे दुग्ध प्रकल्पालाही त्या सल्ला देत. बंगळूरला पहाटे हातात घेतलेलं दूध त्यांनी सोडलं नाही.