भाषाशिक्षकाने फ्रेंचच्या वर्गात बसावे

पनवेल परिसरातल्या शाळांत आगरी बोलणारी, कातकरी बोलणारी आणि घरी हिंदी ऐकणारी मुले एकाच वर्गात शेजारी बसतात. २०१६ साली महापालिका झाली आणि खारघर, कामोठे, कळंबोली ही उपनगरे जुन्या गावांसह एका कारभाराखाली आली; भाषांची सरमिसळ मात्र त्याआधीपासूनची. या मुलांना प्रमाण मराठी शिकवणाऱ्या बहुतेक शिक्षकांना ती स्वतः कधी परकी म्हणून शिकावी लागलेली नसते. माझ्या मते खरी अडचण इथेच आहे. अशा शिक्षकाने एकदा तरी पूर्ण अनोळखी भाषेच्या, उदाहरणार्थ फ्रेंचच्या, वर्गात विद्यार्थी म्हणून बसावे. आणि तेही हौसेखातर नव्हे, कामाचा भाग म्हणून.

स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९० साली एलिझाबेथ न्यूटन यांनी एक साधा प्रयोग केला. एकाने ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटाने वाजवायचा, दुसऱ्याने गाणे ओळखायचे. वाजवणाऱ्यांना वाटले, निम्मी तरी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली फक्त ३. वाजवणाऱ्याच्या मनात गाणे चालूच असते, ऐकणाऱ्यापर्यंत नुसती टकटक पोचते. मराठीच्या तासाला हेच घडते. टेबल नपुंसकलिंगी का, असे हिंदी घरातल्या मुलाने विचारले की उत्तर येते, ‘ऐकून ऐकून कळते.’ फ्रेंचमध्ये टेबल स्त्रीलिंगी आणि पुस्तक पुल्लिंगी. घरात ऐकायला कोणी नसताना हे पाठ करावे लागले, की त्या उत्तराने मुलाच्या हाती काहीच पडत नाही हे उमगते. लेखनाचेही तसेच. फ्रेंचमध्ये ‘तो बोलतो’ आणि ‘ते बोलतात’ यांतल्या क्रियापदाचा उच्चार एकच. लिहिताना मात्र अनेकवचनाला मुकी अक्षरे जोडायची. कान साथ देत नाही आणि वहीत लाल खूण उमटते. आपल्या ऱ्हस्व-दीर्घाची गत फार वेगळी नाही: बोलताना हा फरक बहुतेकांच्या तोंडी नीट उरलेला नाही, तरी गुण त्यावर जातात. उलट ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले च वेगळे, हे लिपी सांगतच नाही. मराठी घरात वाढलेल्याला यात काही अवघड आहे, हेच जाणवत नाही.

व्याकरण जाणणारा शिक्षक खरा नवशिका कसा, असा आक्षेप निघेल. त्याला नियम लवकर समजतील, हे खरे. पण फ्रेंचच्या डेल्फ परीक्षेत ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे यांना प्रत्येकी २५ गुण असतात आणि एकातही ५ पेक्षा कमी मिळाले तर उमेदवार नापास होतो. व्याकरणाच्या जोरावर कान आणि जीभ सुटत नाहीत. शिक्षकाचा आब जाईल, ही भीतीही मला पटत नाही. शेजारच्या पेण तालुक्यात, गागोद्याला जन्मलेल्या विनोबांनी बडोद्याच्या शाळेत फ्रेंच घेतली होती. पुढे वेल्लोरच्या तुरुंगात ते दक्षिणेतल्या चार भाषा शिकले. आयुष्यभर विद्यार्थी राहिल्याने त्यांचे आचार्यपण उणावले नाही.

वेळेचा प्रश्न मात्र खरा आहे. निवडणुका आणि सर्वेक्षणे यांत अडकलेल्या शिक्षकाला मुंबईच्या फ्रेंच वर्गाला रोज धाडणे अन्यायाचे ठरेल. पण २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकाच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान ५० तास अपेक्षिले आहेत. त्यांतले काही भाषणे ऐकण्याऐवजी नवी भाषा शिकण्यात जावेत. फ्रेंचच का, तर तिचे टप्पे आणि परीक्षा ठरलेल्या आहेत, शिकवणारे मिळतात. पनवेलपुरते बोलायचे तर मला कातकरी अधिक मोलाची वाटते: ती शिकलेला शिक्षक वाडीवरच्या मुलाची चूक कुठून येते ते ओळखेल. त्या वर्गात शिकवायला कातकरी माणसालाच बोलवावे लागेल, आणि त्याला त्याचे रीतसर मानधन मिळायला हवे.