अंतराळ दलात घोडाही आहे!

कॅलिफोर्नियात समुद्राला लागून व्हँडेनबर्ग नावाचा लष्करी तळ आहे. अमेरिकेचे कितीतरी हेर उपग्रह इथूनच वर जातात. तळाचा पसारा सुमारे ४०० चौरस किलोमीटर. त्याच्या किनाऱ्यावर स्नोई प्लोव्हर नावाचा चिमुकला पक्षी वाळूत अंडी घालतो आणि त्याला कायद्याचं संरक्षण आहे. जिथे जीप नेता येत नाही तिथे गस्त घोड्यावरून घातली जाते. २०२१ मध्ये या गस्तीच्या ताफ्यात ‘घोस्ट’ नावाचा मस्टँग जातीचा घोडा दाखल झाला. तळ अमेरिकेच्या अंतराळ दलाचा, म्हणजे स्पेस फोर्सचा, मग घोडाही स्पेस फोर्सचाच! हा तपशील मला फार आवडतो, कारण अंतराळ दलाचं रोजचं काम तो नेमकं सांगतो. ते काम म्हणजे गस्त.

अमेरिकेच्या स्पेस फोर्सचा जन्म २० डिसेंबर २०१९ चा. सैनिकांना नाव मिळालं ‘गार्डियन’. गणवेशातल्या लोकांची संख्या दहा हजारांच्या आसपास, म्हणजे हे अख्खं दल आपल्या मुंबई पोलिसांपेक्षा लहान. यातले जवळपास सगळे जमिनीवरच असतात, बरेचसे कोलोरॅडोतल्या खोल्यांमध्ये पडद्यांसमोर बसलेले. माइक हॉपकिन्स हा अंतराळवीर मात्र डिसेंबर २०२० मध्ये अंतराळ स्थानकात असतानाच हवाई दलातून या दलात आला. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये निक हेग हा अंतराळात झेपावलेला पहिला गार्डियन ठरला.

पाडव्याची संध्याकाळ

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळी विदर्भ-खानदेशाच्या आकाशातून जळते गोळे सरसरत गेले आणि मोबाइलवर व्हिडिओंचा पाऊस पडला. कुणाला उल्का वाटली, कुणाला क्षेपणास्त्र. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात तर साधारण तीन मीटर व्यासाचं धातूचं कडंच येऊन पडलं. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. ते होतं कुणाचं? फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या ‘लाँग मार्च ३-बी’ रॉकेटचा तो वरचा टप्पा असावा, असा निष्कर्ष जाणकारांनी काढला.

असा निष्कर्ष काढता येतो, कारण वरच्या प्रत्येक मोठ्या तुकड्याची नोंद कुणीतरी रोज ठेवत असतं. जगातली अशी सर्वांत मोठी वही स्पेस फोर्सकडे आहे. त्यात ४० हजारांहून अधिक वस्तू आहेत. पॅसिफिक महासागरातल्या क्वाजालीन बेटावर ‘स्पेस फेन्स’ नावाचं रडार मार्च २०२० पासून चालू आहे. पृथ्वीजवळच्या कक्षेतली गोटीएवढी वस्तूही ते पकडू शकतं. गोटीचं एवढं काय, असं वाटेल. पण तिथला वेग सेकंदाला साडेसात किलोमीटर. त्या वेगाने मुंबईहून पुण्याला पोहोचायला सोळा-सतरा सेकंद पुरतात. एवढ्या वेगातली गोटी उपग्रहाच्या आरपार जाते.

याहून गोड गोष्ट म्हणजे टकरीचा धोका दिसला की हे लोक जगभरच्या उपग्रहचालकांना सूचना पाठवतात. त्यात चीन आणि रशियाही आले. प्रतिस्पर्ध्याचा उपग्रह फुटला तर त्याचा कचरा आपल्याच वाटेत येणार, हे गणित सगळ्यांना कळतं.

तुमच्या खिशातली लष्करी सेवा

पत्ता शोधताना आपण मोबाइलवर जो निळा ठिपका पाहतो, तो स्पेस फोर्सच्या मेहरबानीवर चालतो. जीपीएसचे तीसेक उपग्रह सुमारे २० हजार २०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि त्यांचा कारभार कोलोरॅडोतल्या श्रीव्हर तळावरून मोजकी माणसं बघतात. प्रत्येक उपग्रहात आण्विक घड्याळ असतं. आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार ते जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतं. हा फरक दुर्लक्षिला तर एका दिवसात तुमचा ठिपका दहा किलोमीटरहून जास्त भरकटेल. दादरला उभे असाल आणि नकाशा पार भलतीकडे दाखवेल. म्हणून हा फरक आधीच मोजून घड्याळात बसवलेला असतो, आणि त्यानंतरही उरणारी बारीकसारीक चूक श्रीव्हरची मंडळी सतत दुरुस्त करत राहतात.

ही सेवा नेहमीच इतकी अचूक नव्हती. मे २००० पर्यंत अमेरिका सर्वसामान्यांसाठीचा संकेत मुद्दाम बिघडवून देत असे. बिल क्लिंटन यांनी ते बंद केलं आणि एका रात्रीत जगभरातले जीपीएस संच सुधारले. एका देशाच्या सैन्याच्या हातात केवढी किल्ली आहे, हे त्या रात्रीने दाखवून दिलं.

अंतराळ दल कशासाठी हवं, असं विचारणाऱ्याला मी ८ जानेवारी २०२० ची रात्र सांगेन. इराणने इराकमधल्या अल-असद तळावर क्षेपणास्त्रं डागली. स्पेस फोर्स तेव्हा तीन आठवड्यांचंही नव्हतं. क्षेपणास्त्र उडताना जी प्रचंड उष्णता बाहेर पडते ती टिपणारे उपग्रह वर होते, आणि कोलोरॅडोतल्या बकली तळावर बसलेल्या लोकांनी ती खूण ओळखून इशारा पुढे पाठवला. तळावरच्या सैनिकांनी आसरा घेतला. शंभराहून अधिक जणांच्या मेंदूला मार बसला, पण मृत्यू एकाचाही झाला नाही. या दलाने तोवर एकही गोळी झाडली नव्हती.

गोळ्या झाडल्या, पण…

अंतराळात कुणी गोळ्या झाडून बघितल्याच नाहीत असं नाही. जून १९७४ मध्ये सोव्हिएत संघाने ‘सॅल्यूट-३’ हे स्थानक सोडलं. नाव नागरी, आतून लष्करी, आणि पोटाला चक्क तोफ! तोफ स्थानकालाच घट्ट बसवलेली, त्यामुळे नेम धरायचा तर अख्खं स्थानक वळवावं लागे. शेवटी जानेवारी १९७५ मध्ये, आत माणूस नसताना, जमिनीवरून हुकूम देऊन ती चालवली गेली.

त्याआधीचा अमेरिकेचा प्रताप याहून भयंकर होता. ९ जुलै १९६२ ला पॅसिफिकवर ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनचा अणुबॉम्ब फोडला गेला. प्रयोगाचं नाव ‘स्टारफिश प्राइम’. जवळपास दीड हजार किलोमीटरवरच्या हवाईमध्ये रस्त्यावरचे शेकडो दिवे गेले, आणि स्फोटातून तयार झालेल्या किरणोत्साराच्या पट्ट्याने पुढच्या काही महिन्यांत कितीतरी उपग्रह निकामी केले. ब्रिटनचा पहिलावहिला ‘एरिएल-१’ त्यातच गेला. मित्रदेशाचाच उपग्रह! पुढे १९६७ च्या बाह्य अवकाश कराराने कक्षेत अण्वस्त्रं ठेवायला बंदी घातली. साध्या शस्त्रांना मात्र बंदी नाही, आणि ही पळवाट आजही तशीच आहे.

१९६३ मध्ये अमेरिकेने कोट्यवधी तांब्याच्या सुया कक्षेत पसरवल्या. रेडिओ संदेश परतवण्यासाठी आकाशाला तांब्याचं कडं घालायची ती कल्पना होती. दळणवळणाचे उपग्रह आले आणि सुयांची गरज संपली. त्यातल्या काही गुठळ्या मात्र अजून फिरताहेत.

हेरगिरीच्या पहिल्या उपग्रहांची तऱ्हा तर चित्रपटाला शोभणारी. ‘कोरोना’ नावाचा उपग्रह फिल्मवर फोटो काढी, फिल्मची डबी पॅराशूटने खाली सोडी आणि विमान ती हवेतल्या हवेत आकड्याने पकडी. पहिलं यश ऑगस्ट १९६० मध्ये, डझनभर अपयशांनंतर आलं. डबी समुद्रात पडलीच तर? तिच्या बुडाशी मिठाचं बूच असे. ते दोनेक दिवसांत विरघळे आणि डबी तळाला जाई, म्हणजे शत्रूच्या हाती लागायला नको. त्या पहिल्या एका डबीने सोव्हिएत भूमीचा जेवढा भाग दाखवला, तेवढा यू-टू हेर विमानांच्या आधीच्या सगळ्या फेऱ्यांनी मिळून दाखवला नव्हता.

आणि ही बापलेकाची जोडी: १३ सप्टेंबर १९८५ रोजी मेजर डग पिअरसन यांनी एफ-१५ विमानातून क्षेपणास्त्र सोडून ५५५ किलोमीटर उंचीवरचा ‘सोलविंड’ उपग्रह पाडला. २००७ मध्ये तेच विमान त्यांच्या मुलाने, तोही हवाई दलात वैमानिक झालेला, उडवलं. पण सोलविंडचा शेवटचा नोंदलेला तुकडा खाली यायला २००४ उजाडलं होतं. एका नेमाचा कचरा १९ वर्षं फिरत राहिला.

चीनने जानेवारी २००७ मध्ये आपलाच हवामान उपग्रह साडेआठशे किलोमीटरहून उंच फोडला, तेव्हा तीन हजारांहून अधिक तुकडे झाले. त्यातले बरेच अजून वर आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये रशियाने तोच प्रकार केला आणि अंतराळ स्थानकातल्या मंडळींना, त्यात रशियाचेही होते, आपापल्या यानांत जाऊन बसावं लागलं. भारताने २७ मार्च २०१९ च्या ‘मिशन शक्ती’ या तशाच चाचणीसाठी २८३ किलोमीटर ही उंची मुद्दाम कमी ठेवली. बहुतेक तुकडे लवकर जळून गेले. काही उंच फेकले गेले आणि ते खाली यायला वेळ लागला. ती क्षमता आपल्याकडे असणं मला आवश्यक वाटतं. पण ती एकदा दाखवली, तेवढं पुरे. अशा चाचण्या करणार नाही असं अमेरिकेने एप्रिल २०२२ मध्ये जाहीर केलं, आणि भारतानेही तसं जाहीर करावं, असं माझं ठाम मत आहे.

क्षेपणास्त्राविना हल्ला

२४ फेब्रुवारी २०२२. युक्रेनवर आक्रमण सुरू होण्याच्या तासभर आधी ‘व्हायासॅट’ कंपनीच्या उपग्रह सेवेचे हजारो मोडेम एकदम मेले. वरचा उपग्रह ठणठणीत. मोडेम मोडले होते ते जमिनीवरच्या संगणकांतून पसरवलेल्या घातक प्रणालीने. तडाखा जर्मनीपर्यंत गेला: तिथल्या ५ हजार ८०० पवनचक्क्यांवर दुरून लक्ष ठेवणं बंद पडलं. पुढच्या काळातले अंतराळ सैनिक बहुतांश असेच असतील, कीबोर्डवर बसलेले.

त्यांचं दुसरं काम शेजाऱ्यावर नजर ठेवण्याचं. २०१७ मध्ये रशियाचा ‘लुच-ऑलिम्प’ हा उपग्रह फ्रान्स आणि इटलीच्या लष्करी दळणवळण उपग्रहाच्या अगदी लगत येऊन ठेपला. फ्रान्सच्या तेव्हाच्या संरक्षणमंत्री फ्लोरान्स पार्ली यांनी पुढच्या वर्षी ते जाहीरपणे सांगितलं. २०१९ मध्ये तुलूझला फ्रेंच अंतराळ कमांड आली, २०२० मध्ये हवाई दलाच्या नावात ‘अंतराळ’ हा शब्दही जोडला गेला. त्यांच्या सरावाचं नाव ‘ॲस्टरएक्स’. १९६५ चा फ्रान्सचा पहिला उपग्रह चित्रकथेतल्या ॲस्टेरिक्सच्या नावाचा होता, त्याची ही आठवण. राखणदार उपग्रहाच्या प्रकल्पाला त्यांनी नाव दिलंय ‘योडा’!

आपलं काय?

भारताकडे वेगळं अंतराळ दल नाही. बंगळुरूत तिन्ही दलांची मिळून ‘डिफेन्स स्पेस एजन्सी’ आहे. नौदलासाठी २०१३ मध्ये ‘जीसॅट-७’, हवाई दलासाठी २०१८ मध्ये ‘जीसॅट-७ए’ गेला. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या काळात इस्रोचे अध्यक्ष व्ही. नारायणन यांनी देशाच्या सुरक्षेसाठी किमान १० उपग्रह रात्रंदिवस काम करत असल्याचं सांगितलं. टेहळणीच्या आणखी ५२ उपग्रहांच्या योजनेला ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजुरीही मिळाली आहे.

नवा गणवेश आणि नवं बोधचिन्ह यांची मला घाई वाटत नाही. घाई आहे ती घड्याळांची. ‘नाविक’ ही आपली स्वतःची दिशादर्शक व्यवस्था परदेशी बनावटीच्या आण्विक घड्याळांनी दगा दिल्यामुळे लंगडी झाली. मे २०२३ मध्ये ‘एनव्हीएस-०१’ सोबत पहिलं देशी रुबिडियम घड्याळ वर गेलं, ही मोठी गोष्ट झाली. जानेवारी २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याच्या शंभराव्या उड्डाणातून गेलेला ‘एनव्हीएस-०२’ मात्र ठरलेल्या कक्षेत पोहोचला नाही. युद्धात दुसऱ्याच्या जीपीएसवर विसंबणं परवडणारं नाही, म्हणून इथे पैसा आणि माणसं दोन्ही ओतायला हवीत.

दुसरी घाई बदलीच्या उपग्रहाची. सप्टेंबर २०२३ मध्ये स्पेस फोर्सने ‘व्हिक्टस नॉक्स’ मोहिमेत हुकूम सुटल्यापासून २७ तासांत उपग्रह उडवून दाखवला. आमचा उपग्रह पाडलात तर उद्या दुसरा पाठवू, हा धाक तोफेपेक्षा भारी आहे आणि त्यात कचराही होत नाही. आपल्याकडे ‘एसएसएलव्ही’ हे छोटं रॉकेट मोजक्या माणसांनी थोड्या दिवसांत जुळवता यावं म्हणूनच बनवलं आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ते यशस्वी झालं, आणि त्याच्यासाठी तमिळनाडूत कुलशेखरपट्टिणमला नवा तळ उभा राहतोय. तिथून रॉकेट सरळ दक्षिणेला सोडता येतं, श्रीलंकेला वळसा घालायला इंधन जाळावं लागत नाही. आता रॉकेटसोबत उपग्रहही आधीच बनवून, तपासून गोदामात तयार ठेवायला हवेत.