‘माहिती लिहा’ ते ‘कशावरून?’

आपल्या शाळांचं वर्ष जयंती-पुण्यतिथ्यांच्या तारखांवर चालतं. ३ जानेवारीला सावित्रीबाई, १४ एप्रिलला बाबासाहेब, १ ऑगस्टला टिळक, २ ऑक्टोबरला गांधीजी आणि शास्त्रीजी. त्या-त्या तारखेच्या आगेमागे प्रकल्प वहीचं एक पान भरायचं असतं : ‘राष्ट्रीय नेत्याची माहिती लिहा.’ गेल्या पंचवीसएक वर्षांत ही सूचना जवळपास जशीच्या तशी राहिली. माहिती मिळवायची ठिकाणं मात्र पार बदलली.

इंटरनेट येण्याआधी हे ठिकाण म्हणजे शाळेसमोरचं स्टेशनरीचं दुकान. तिथे नेत्यांच्या चित्रांचा तक्ता मिळे. पुढे रंगीत चित्र, मागे बारीक टायपात जन्म, शिक्षण, कार्य, मृत्यू. चित्र चिकटवलं की मागचा मजकूर गडप व्हायचा. म्हणून हुशार मुलं आधी तो वहीत उतरवून घेत आणि मगच डिंकाची बाटली उघडत. नेता कोणीही असो, साचा ठरलेला : लहानपणापासून तल्लख बुद्धी, देशासाठी त्याग, शेवटी ‘अशा या थोर नेत्यास विनम्र अभिवादन’.

२००४च्या अखेरीस केंद्राची शाळांसाठीची आयसीटी (माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान) योजना आली आणि पुढच्या काही वर्षांत अनेक शाळांत संगणक कक्ष थाटले गेले. पण ग्रामीण भागात भारनियमनामुळे ऐन तासाला वीज नसे, आणि वीज असली तर इंटरनेटची जोडणी नसे. मराठी विकिपीडिया २००३पासून होता, तरी शोधखिडकीत मराठी टाइप कसं करायचं हे मुलांना माहीत नव्हतं आणि पुष्कळदा शिक्षकांनाही. मग २०१०च्या सुमारास सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक मूल्यमापनात प्रकल्पाला गुण मिळू लागले आणि सायबर कॅफेसमोर पालकांची रांग लागली. ‘लोकमान्य टिळकांची चार पानं काढून द्या’ एवढं सांगितलं की काम भागे. प्रिंट वहीला डकवली जाई, किंवा शिक्षकांनी हस्ताक्षराचा आग्रह धरला तर उतरवली जाई. विकिपीडियाच्या प्रत्येक मथळ्याशेजारी असणारा चौकटी कंसातला ‘संपादन’ हा शब्दही मुलं सुवाच्य अक्षरात वहीत लिहीत. तक्त्याच्या जागी पडदा आला, बाकी उतरवणं तेच.

२०१६नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला, २०२०च्या टाळेबंदीत फोन घराघरांत अभ्यासाचं साधन बनला आणि उरलीसुरली अडचणही संपली. आता प्रकल्प व्हॉट्सॲपवरून एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाऊ लागला, चुकांसकट.

खरा फरक दिसला तो काही शिक्षकांनी प्रश्न बदलला त्या वर्गांत. ‘टिळकांची माहिती लिहा’ याऐवजी त्यांनी विचारलं : टिळकांचा जन्म कुठे झाला? दोन ठिकाणी शोधा. एका गटाला रत्नागिरी शहर सापडलं, दुसऱ्याला चिखली. मग वाद, मग तिसरा स्रोत, मग मूळ गाव आणि जन्मगाव वेगळं असू शकतं ही समज. त्याहून रंगतदार शोध स्वराज्याच्या प्रसिद्ध गर्जनेचा. ती टिळकांनी कुठे केली? कुठे बेळगाव सापडतं, कुठे अहमदनगर, कुठे लखनौ. तिन्ही ठिकाणं १९१६च्या घटनांशी जोडलेली असल्यामुळे वर्षावरून निकाल लागत नाही. बेळगाव आणि अहमदनगरच्या भाषणांवरून त्याच वर्षी सरकारने टिळकांवर कारवाई केली होती आणि मुंबई उच्च न्यायालयात त्यांची बाजू बॅरिस्टर जिनांनी मांडली, हे या शोधात हाती लागतं तेव्हा वर्ग चाट पडतो. शेंगांच्या टरफलांची गोष्ट पाठ असलेल्या मुलांना खटला लढणारे टिळक पहिल्यांदा भेटतात.

गांधीजींच्या बाबतीतही तेच. जगात जो बदल हवा तो आधी स्वतःत घडवा, अशा अर्थाचं एक वाक्य त्यांच्या चित्राखाली हमखास छापलेलं असतं. २०१३मध्ये साबरमती आश्रमाच्या न्यासाने गांधी हेरिटेज पोर्टल सुरू केलं आणि गांधीजींच्या समग्र लेखनाचे इंग्रजीतले शंभर खंड सर्वांना खुले झाले. त्यांत ते वाक्य त्या शब्दांत सापडत नाही. त्याच्या जवळ जाणारा विचार १९१३च्या ‘इंडियन ओपिनियन’मधल्या लेखनात आहे, पण तो बराच लांब आणि कमी चटपटीत आहे. शोधून काही ‘न सापडणं’ हाही निष्कर्ष असतो, हे मुलांना इथे कळतं.

अडचण भाषेची. मूळ कागद बहुतेक इंग्रजीत, आणि आठवीच्या मुलाला ते जड जातात. इथे मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळाचा मोठा आधार झाला. नोंदीखाली लेखकाचं नाव असतं, त्यामुळे ‘हे कोणी लिहिलं?’ या प्रश्नाला तिथे उत्तर मिळतं. संविधान सभेतली भाषणं इंग्रजीत असली तरी शिक्षकाने एक परिच्छेद सोपा करून दिला तर पुरतो. बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९चं भाषण त्यासाठी अगदी योग्य : राजकारणातली भक्ती आणि व्यक्तिपूजा अधोगतीकडे नेते, असा इशारा त्यांनी त्यात दिला होता. नेत्यांवरचा प्रकल्प करणाऱ्या मुलांनी हे वाचलंच पाहिजे.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेचं साधन मिनिटभरात शुद्ध मराठीत सफाईदार निबंध लिहून देतं आणि त्यात एखादी चूक इतक्या ठामपणे येते की शिक्षकही फसावा. त्यामुळे ‘माहिती लिहा’ या सूचनेला आता काहीच अर्थ उरलेला नाही. पण बऱ्याच ठिकाणी प्रकल्पाचे गुण अजूनही मुखपृष्ठ, सजावट, अक्षर आणि वेळेत सादर करणं यांनाच आहेत. माहिती कुठून घेतली, दुसरीकडे पडताळली का, न जुळणाऱ्या दोन गोष्टींपैकी एक का निवडली, यांसाठी गुणतक्त्यात रकाना नाही. तो आखायला ना नवा संगणक लागतो ना नवी योजना. शिक्षकाने पट्टी घेऊन एक उभी रेघ मारली तरी पुरे, कारण ज्याला गुण असतात तेच मुलं मनापासून करतात.