सुराच्या डोक्यावरची खूण

शाळेच्या गणितात ‘पेक्षा मोठे’ दाखवायला आपण जी खूण काढतो, तीच पाश्चात्त्य स्वरलिपीत एखाद्या स्वराच्या डोक्यावर बसली की तिला ॲक्सेंट म्हणतात. हा स्वर शेजारच्या स्वरांतून उठून ऐकू येऊ दे, एवढाच तिचा निरोप. किती उठावा आणि कशाने, हे ती सांगत नाही. वादकाला ते सांगावंही लागत नाही, त्याचा हात जाणतो. संगणकाला मात्र आकडा लागतो.

स्वरलिपी लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मी पहिल्यांदा व्हायोलिनच्या ओळीवर आठ ॲक्सेंट दिले आणि वाजवून ऐकले, तेव्हा व्हायोलिनच्या पोशाखात पियानो बसलाय असं वाटलं. प्रत्येक स्वर जोरात येत होता, पण एकातही गजाची पकड नव्हती. असं का होतं, याचा माग काढत गेलं की आपण १९८३ सालापाशी पोहोचतो.

त्या वर्षी मिडी ही प्रणाली आली. वेगवेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड एकमेकांशी बोलावेत म्हणून ठरवलेली ती भाषा. तिच्यात स्वर म्हणजे एक निरोप: अमुक पट्टी दाबली, अमुक वेगाने दाबली. या वेगाला व्हेलॉसिटी म्हणतात आणि तो ० ते १२७ या आकड्यांत मोजतात. पट्टी सुटली की दुसरा निरोप. पियानोला हे अगदी चपखल बसतं. पियानोची हातोडी तारेवर आदळण्याआधीच वादकाच्या बोटापासून सुटलेली असते; ती कोणत्या वेगाने सुटली, यावरच आवाजाचा जोर ठरतो. त्यानंतर पट्टी दाबून धरणं किंवा सोडणं एवढंच हातात उरतं. आघाताची सगळी हकिकत एका आकड्यात मावते.

व्हायोलिनची हकिकत तशी मावत नाही. गज तारेला टेकला की तार लगेच सुरात येत नाही. ती आधी गजाला चिकटते, निसटते, पुन्हा चिकटते, आणि हा खेळ नियमित झाला की सूर धरला जातो. क्नुट गुटलर आणि अँडर्स अस्केनफेल्ट यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही सुरुवातीची धडपड कितपत चालते, हे तयार कानाच्या लोकांनाच विचारलं. खरखर साधारण ५० मिलिसेकंदांपर्यंत आणि निसटता, सैल आवाज साधारण ९० मिलिसेकंदांपर्यंत चालतो, असं उत्तर आलं. व्हायोलिनवादक ॲक्सेंट घडवतो तो याच क्षणभरात: गजाचा दाब आणि वेग आधी वाढवून, मग लगेच सैल सोडून. म्हणजे तिथे ॲक्सेंटला आकार असतो, उंच चढून उतरणारा. ट्रम्पेटमध्ये आणखी एक गोष्ट घडते. १९६०च्या दशकात बेल लॅब्जमध्ये ज्याँ-क्लोद रिसे यांनी ट्रम्पेटचा सूर संगणकावर उकलून पाहिला, तेव्हा आवाज वाढला की सुरातले वरचे उपस्वर अधिक वाढतात, असं दिसलं. म्हणून जोरात फुंकलेला ट्रम्पेट नुसता मोठा नसतो, झळझळीत असतो. हळू वाजवलेलं ध्वनिमुद्रण घेऊन त्याचा आवाज वाढवा, ती झळाळी येणार नाही.

आता आकड्यांकडे. म्युझस्कोर या स्वरलिपीच्या सॉफ्टवेअरमध्ये मृदू वाजवण्याच्या ‘पी’ला ४९, त्याहून थोड्या वरच्या ‘एमपी’ला ६४, जोरकस ‘एफएफ’ला ११२ आणि ‘एफएफएफ’ला १२६ व्हेलॉसिटी मिळते. समजा ॲक्सेंटसाठी २० टक्के वाढ धरली. ‘पी’मध्ये ४९चे ५९ होतात. हा ठसठशीत म्हणवणारा स्वर ‘एमपी’तल्या साध्या स्वराइतकाही भरत नाही. ‘एफएफ’मध्ये हिशोब १३४च्या वर जातो, पण छत १२७वर आहे. ‘एफएफएफ’मध्ये तर वर चढायला एकच पायरी उरते. ज्या कळसाच्या क्षणी संगीतकाराला आघात सर्वांत जास्त हवा असतो, नेमका तिथेच तो मिळत नाही.

स्टॅकॅटोचं, म्हणजे स्वराच्या डोक्यावर किंवा पायाशी येणाऱ्या टिंबाचं, दुखणं वेगळं आहे. त्या स्वराची लांबी निम्मी करणं ही सॉफ्टवेअरची नेहमीची रीत. मिनिटाला ६० ठोक्यांच्या लयीत दोन ठोक्यांचा स्वर २ सेकंदांचा. निम्मा केला तरी १ सेकंद उरतो. त्याला तुटक कोण म्हणेल? उलट मिनिटाला १२० ठोके आणि ठोक्यात चार स्वर असतील, तर निम्मा स्वर जेमतेम ६२ मिलिसेकंदांचा होतो. वर सांगितलेले ५० आणि ९० आठवा, तेवढ्यात तार सूर धरते न धरते. शिवाय हे ‘निम्मं’ काळाबरोबर सरकत आलंय. योहान सेबास्टियन बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमॅन्युएल याने १७५३च्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे की, ज्या स्वरांवर काहीच खूण नाही, असे साधे स्वर निम्मी लांबी वाजवावेत. आज संगणक ज्याला टिंब समजतो, ते त्याच्या कानाला बिनटिंबाचं होतं.

आणि जोर वाढवणं हाच आघाताचा मार्ग आहे, असंही नाही. चर्चमधल्या पाइप ऑर्गनची पट्टी कितीही जोराने दाबा, सूर तेवढाच येतो. आपल्या पेटीचंही तसंच. जोर भात्यात, पट्टीत नाही. तरीही चांगल्या ऑर्गनवादकाचा आघात ऐकू येतो. तो आधीचा स्वर किंचित लवकर सोडतो आणि हवा तो स्वर रेसभर लांबवतो. जर्मन संगीतशास्त्रज्ञ हुगो रीमान यांनी १८८४ मध्ये काळाच्या या ताणासैलीला ‘अगोगिक’ असं नाव दिलं. हे तंत्र संगणकाला खरं तर सोपं जावं, कारण काळ मोजण्यात तो कच्चा नाही. पण त्यासाठी त्याला मागचापुढचा स्वर ठाऊक हवा.

नोटपरफॉर्मर नावाचं जोडसॉफ्टवेअर नेमकं तेच करतं. ‘प्ले’ दाबल्यावर ते सुमारे एक सेकंद थांबतं आणि तेवढ्यात पुढचे स्वर वाचून घेतं, जसं वादकाची नजर बोटांच्या थोडी पुढे धावते. स्टॉकहोमच्या केटीएच विद्यापीठात योहान सुंडबर्ग आणि अँडर्स फ्रिबर्ग यांनी लार्स फ्रिडेन या व्हायोलिनवादकाला हाताशी धरून यापूर्वीच अशी नियमावली बांधली होती. फ्रिडेन नियम सुचवायचे, यंत्र वाजवायचं, फ्रिडेन ऐकून दुरुस्त करायचे. रचनेच्या शेवटी लय कशी मंदावावी, याचं गणित तर १९९९ मध्ये धावता धावता थांबणाऱ्या माणसांच्या मोजमापावरून मांडलं गेलं. मला या साऱ्या खटाटोपात ही गोष्ट सर्वांत सुंदर वाटते.

तरीही एक जागा उरते, जिथे नियम सांगायलाच कोणी नाही. संगीतकार शूबर्टच्या हस्तलिखितात ॲक्सेंटची खूण अनेकदा इतकी लांब ओढलेली असते की, ती आवाज हळूहळू उतरवण्याच्या डिमिन्युएंडोच्या खुणेसारखी दिसते. दोन्हींचा आकार एकच. फरक फक्त लांबीचा. त्याच्या मोठ्या सी मेजर सिम्फनीच्या अगदी शेवटच्या स्वरावर अशीच खूण आहे. शूबर्ट १८२८ मध्ये गेला, सिम्फनी पहिल्यांदा वाजली १८३९ मध्ये, लाइपझिगला, संगीतकार मेंडेल्सोनच्या संचालनाखाली. तेव्हापासून कोणी ती खूण आघात म्हणून वाचतं, कोणी उतार म्हणून. ती संगणकात उतरवायची तर आधी ठरवावं लागतं: आघातांच्या खणातली लहान खूण उचलायची की आवाजाच्या चढउतारांच्या खणातली लांब. पहिली घेतली तर तासाभराची सिम्फनी दणक्यात संपते. दुसरी घेतली तर सगळा वाद्यवृंद तो शेवटचा सूर धरून हळूहळू विरत जातो.