खात्यात ९ लाख, तरी मजुरी थकलेली!

सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांसाठी काम करणारी एक छोटी धर्मादाय संस्था कल्पून पाहा. मार्चअखेर तिच्या बँक खात्यात ९ लाख रुपये आहेत आणि २० कारागिरांची ३ लाख २० हजारांची मजुरी थकली आहे. घोटाळा? मुळीच नाही.

९ लाखांपैकी ७ लाख एका कंपनीच्या सीएसआर निधीतले. पारंपरिक कला व हस्तकलांना प्रोत्साहन हा विषय कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे, म्हणून ते मिळाले. पण करार फक्त प्रशिक्षणाचा. त्यातून लाकूड घेता येत नाही, जुनी मजुरीही भागवता येत नाही. संस्थेच्या हक्काचे उरतात २ लाख.

खरी अडचण खेळत्या भांडवलाची. गणपती-दिवाळीच्या विक्रीसाठी लाकूड-रंगाचे पैसे कित्येक महिने आधी मोजावे लागतात. दुकानदार माल उचलतो, पैसे मात्र सावकाश देतो. ताळेबंदात न विकलेला माल ‘मालमत्ता’ म्हणून झळकतो. पण कपाटातल्या लाकडी आंबा-केळ्यांनी शनिवारची मजुरी चुकती होत नाही.

मग गंगाजळी का साठवत नाहीत? करसवलत टिकवायची तर उत्पन्नाचा किमान ८५ टक्के भाग उद्देशावर खर्च करावा लागतो. जास्त शिल्लक ठेवायची तर कारण आणि मुदत प्राप्तिकर खात्याला आधी कळवायची.

बरं, विक्री वाढवावी, तर तिथेही कुंपण. संस्थेचा उद्देश ‘सर्वसाधारण लोकोपयोगी’ गटात धरला गेला, तर व्यापारी स्वरूपाची जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांवर जाऊ देता येत नाही. गेली तर त्या वर्षाची करमाफी हुकते. ‘गरिबांना साहाय्य’ हा उद्देश मान्य झाला तर ही मर्यादा लागत नाही. म्हणजे स्वावलंबी व्हा म्हणायचे आणि विकू लागले की रोखायचे, असा हा प्रकार. घटनापत्रातल्या उद्देशाच्या दोन ओळी म्हणूनच सनदी लेखापालाला दाखवून लिहिलेल्या बऱ्या.

उत्पन्नाची वाट एकच असली की धोका आणखी वाढतो. दिल्लीची ‘दस्तकार’ १९८१ पासून कारागिरांसाठी काम करते, त्यांचे बाजार भरवते. २०२० च्या टाळेबंदीत असे बाजारच बंद पडले.

त्यामुळे देणगी देताना एकूण शिल्लक पाहू नका. बंधन नसलेली रक्कम किती आणि ती किती महिने पुरेल, एवढे विचारा. वरच्या संस्थेचा भाडे, वीज, पगार असा खर्च महिना ६० हजार धरला, तर २ लाख जेमतेम तीन महिने पुरतील, तेही थकलेली मजुरी न देता. गणपतीला अजून पाच महिने आहेत.