आडवळणी माहिती आणि संभाषण : येलदरीच्या पूर्णेचे उदाहरण

परीक्षेस उपयोगी न पडणाऱ्या, कोणत्याही एका शास्त्राच्या चौकटीत न बसणाऱ्या सुट्या माहितीस विद्याव्यासंगात फारशी प्रतिष्ठा नसते. सामाजिक संभाषणात मात्र ह्याच माहितीस एक निश्चित कार्य असते. मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात असे प्रतिपादिले की, कुशलप्रश्न आणि हवापाण्याच्या गोष्टी यांचा हेतू विचार कळविणे हा नसून माणसामाणसांत संबंध जोडणे हा असतो. परंतु कुशलप्रश्न लवकर संपतात. त्यापुढची पायरी कोणती, हा विचारणीय प्रश्न आहे.

मराठी समाजात ही पायरी बहुधा 'आपले गाव कोणते?' ह्या प्रश्नाने चढली जाते. उत्तर 'येलदरी' असे आले, आणि त्यावर 'म्हणजे धरणाचे गाव' एवढेच म्हटले, तर बोलणे तेथेच खुंटते. कारण परभणी जिल्ह्यातील, जिंतूर तालुक्याच्या ह्या गावच्या माणसाने ते वाक्य शेकडो वेळा ऐकलेले असते. उलट, महाराष्ट्रात पूर्णा नावाच्या दोन मोठ्या नद्या आहेत, हे ज्यास ठाऊक आहे त्याचे बोलणे पुढे सरकते. येलदरीची पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावून गोदावरीस मिळते. दुसरी सातपुड्यात उगम पावून अमरावती, अकोला ह्या जिल्ह्यांतून वाहत चांगदेव येथे तापीस मिळते. बुलढाणा जिल्ह्यास तर दोन्हींचे पाणी लाभते. म्हणजे अकोल्याकडचा आणि येलदरीचा असे दोन प्रवासी एकत्र आले, तर दोघेही पूर्णाकाठचे. तथापि एकाचे पाणी अरबी समुद्रास जाते, दुसऱ्याचे बंगालच्या उपसागरास.

ही माहिती उपयोगी पडते याची कारणे दोन. एक, ती समोरच्याच्या जीवनाशी निगडित असूनही त्यास बहुधा नवी असते. दुसरे, ती अपुरी असते. तिच्यात भर घालण्याचा अधिकार ऐकणाऱ्याकडे राहतो. येलदरीच्या जलाशयाचे पाणी वीजगृहातून खाली सिद्धेश्वर धरणात जाते आणि कालवे तेथून निघतात. हे पाहुण्याने सांगून टाकण्याऐवजी 'कालवा येथूनच निघतो काय?' असे विचारले, तर गावकरी सांगणारा होतो आणि पाहुणा ऐकणारा. क्षेत्रकार्यास निघालेल्या विद्यार्थ्यास हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. कारण त्याच्या प्रश्नावलीस मिळणारी उत्तरे पुष्कळदा ह्या पहिल्या घटकेवर अवलंबून असतात.

मात्र हेच साधन अपाय करू शकते. १९६८ मध्ये पूर्ण झालेल्या ह्या धरणाची साठवण सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर आहे, हा आकडा पाहुण्यास कौतुकाचा वाटेल. परंतु ज्या कुटुंबाची जमीन त्या पाण्याखाली गेली, त्याच्यापुढे तो उत्साहाने उच्चारणे म्हणजे त्याच्या हानीचे माप त्यालाच ऐकविणे होय. माहिती तीच, परंतु ऐकणारा बदलला की तिचा अर्थ बदलतो.

बहुश्रुतपणा आणि पांडित्यप्रदर्शन यांतील अंतर येथेच आहे. ज्ञात गोष्टींची संख्या दोघांतही सारखी असू शकेल. बहुश्रुत मनुष्य त्यांतील एक निवडतो, ती समोरच्याच्या हाती देतो आणि नंतर ऐकू लागतो.