पात्याचा पाणउतारा

दसरा उलटला की भूम, वाशी, कळंब या तालुक्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्यांची लगबग सुरू होते. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. ज्या अवजाराच्या नावाने माणसे मोजली जातात, ते अनेकदा भंगारातून घडलेले असते. रस्त्याकडेला पाल ठोकून बसलेले घिसाडी कुटुंब ते घडवते. पुरुष सांडशीत लोखंड धरतो, बाई घण घालते.

अशाच एका पालावर मी बांधकामातून उरलेल्या सळईचा तुकडा नेला आणि सुरी करून मागितली. बाईने तुकडा हातातही घेतला नाही. म्हणाली, “ह्याला पाणी धरत न्हाई, दादा. कमानीचा पाटा आणा.”

पाणी धरणे हा सारा कार्बनचा खेळ आहे. सळईत तो जेमतेम पाव टक्का. ट्रकच्या कमानीच्या पाट्यात ०.५ ते ०.६ टक्के, तर कानशीत एक टक्क्याहून अधिक. पोलाद लाल तापवून एकदम थंड केले की कार्बन लोहाच्या स्फटिकांत अडकून पडतो, त्यांना ताणतो आणि धातू कठीण होतो. सळईच्या सालीला कारखान्यातच पाणी दिलेले असते; पण भट्टीत तापताच ते जाते, आणि पुन्हा धार टिकेल इतके चढवायला आत पुरेसा कार्बन नसतो.

भंगाराच्या ढिगात हे ओळखायचे ठिणगीवरून. ग्राइंडरला लावल्यावर सळईच्या ठिणग्या लांब, सरळ जातात. पाट्याच्या टोकाशी फुटतात. कानस फुलबाजीसारखी तडतडते. पाटा आधी ऐरणीवर वाजवूनही पाहावा. वर्षानुवर्षे ओझे वाहिलेल्या पाट्यात बारीक चीर असेल, तर आवाज बद्द येतो.

सगळेच कठीण पोलाद ठोकण्याजोगे नसते. लोखंड कापणाऱ्या यंत्रकरवतीच्या पात्यात बहुधा टंगस्टन किंवा मॉलिब्डेनम असते. ते मंद लाल झाले तरी कठीणपणा सोडत नाही. त्याची सुरी करायची तर घासूनच करावी.

पाट्याचा कोयता घडला की तो लाल तापवतात. सुमारे ७७० अंशांना लोहचुंबक त्याला चिकटेनासा होतो. त्याहून किंचित वर गेल्यावर फक्त धारेची कड बुडवायची. आता धार कठीण झाली, पण काचेसारखी ठिसूळ. अशा कोयत्याचा तुकडा पहिल्याच दिवशी उसाच्या बुडख्याशी, दगडावर उडेल.

म्हणून खरी कारागिरी पुढे आहे. धार घासून उजळ करायची आणि पाठीत उरलेली धग तिच्याकडे सरकू द्यायची. उजळ धातूवर रंग चढत जातात: २२० अंशांच्या आसपास वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, जांभळा, ३०० च्या सुमारास निळा. सुरीला पिवळ्यावर थांबवायचे. घाव सोसणाऱ्या कोयत्याला जांभळ्या-निळ्यापर्यंत जाऊ द्यायचे. नेमक्या रंगावर पुन्हा बुडवायचे. हे सारे काही क्षणांत, उन्हात, नुसत्या डोळ्यांनी.

आपल्या बोलण्यात पाणउतारा म्हणजे अपमान. ऐरणीवर मात्र चढवलेले पाणी थोडे उतरवल्याशिवाय पाते कामाचे होत नाही. तोडणीची मजुरी टनावर मिळते. कोयता मोडला की वेळ त्या जोडीचाच जातो. तो वाचवणारी ही नजर कुठल्या वहीत लिहिलेली नाही. पालावरची पोरे भात्यापाशी बसून ती शिकतात.

पुढच्या बाजाराला मी पाटा घेऊन गेलो. त्या बाईने तो आधी ऐरणीवर वाजवला, मगच नवऱ्याच्या हाती दिला.